ग्वाल्हेरचा किल्ला कोणाचा? एका तहाच्या नवव्या कलमाचा वाद

एखादा भूभाग नेमका कोणाचा, हे ठरवताना कोणता पुरावा ग्राह्य धरावा, या प्रश्नाचा आंतरराष्ट्रीय कायद्याने विसाव्या शतकात पुष्कळ शास्त्रशुद्ध विचार केला. मात्र त्या विचारातील महत्त्वाच्या कसोट्या त्याच्या शंभर वर्षे आधी, 1803 ते 1805 या काळात, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या वाटाघाटींमध्ये प्रत्यक्ष वापरल्या गेल्या होत्या. ग्वाल्हेरच्या लष्कर या शहरभागातील आपली मराठी वस्ती ज्या घडामोडींमुळे उभी राहिली, त्यांचे मूळ या वाटाघाटींत आहे, आणि म्हणून त्या केवळ दरबारी इतिहास म्हणून बाजूला ठेवण्याजोग्या नाहीत.

हा किल्ला एवढा हवासा का वाटत होता, याचे उत्तर भूशास्त्रात आहे. ज्या टेकडीवर तो उभा आहे ती विंध्य वालुकाश्माची असून तिचे थर जवळजवळ आडवे आहेत. अशा खडकात उभ्या भेगा असतात आणि झीज होताना कडेचे मोठमोठे तुकडे त्या भेगांवरून सुटून पडतात. त्यामुळे टेकडीची बाजू उतरती न होता कड्यासारखी ताठ राहते. सुमारे शंभर मीटर उंचीचा हा कडा, वर सपाट माथा आणि त्यावर पावसाचे पाणी साठवणारी तळी असल्यामुळे थोडी शिबंदीही आग्र्याकडून माळव्यात उतरणाऱ्या वाटेवर वचक ठेवू शकत असे. ऑगस्ट 1780 मध्ये मेजर पॉफमच्या फौजेने रात्री शिड्या लावून तो घेतला, तेव्हा कंपनीने तो आपला मित्र असलेल्या, शेजारच्या गोहद संस्थानाच्या राण्याच्या हवाली केला. मराठे आणि इंग्रज यांच्यात 1782 मध्ये झालेल्या साल्बाईच्या तहानंतर लवकरच महादजी शिंद्यांनी ग्वाल्हेर आणि गोहद ही दोन्ही ठाणी राण्याकडून जिंकून घेतली आणि पुढील सुमारे वीस वर्षे त्या मुलखाचा वसूल शिंद्यांचेच अंमलदार करत राहिले.

इंग्रजांशी झालेल्या युद्धात पराभव पत्करावा लागल्यावर दौलतरावांनी 30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी अंजनगावचा तह केला. कंपनीच्या बाजूने तो जनरल आर्थर वेलस्ली यांनी, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाने, ठरवला, तर विठ्ठलपंत आणि मुन्शी कवलनैन हे शिंद्यांच्या वकिलांपैकी प्रमुख होते. पूर्वी शिंद्यांचे मांडलिक असलेल्या राजांशी व इतरांशी कंपनीने जे करार केले असतील ते दौलतरावांनी मान्य करावेत आणि अशा लोकांची यादी तहाला गव्हर्नर जनरलची मंजुरी मिळाल्यावर द्यावी, असे नवव्या कलमात म्हटले होते. मात्र त्याच कलमात एक अट होती: जयपूर, जोधपूर आणि गोहदचा राणा यांच्या मुलखाच्या दक्षिणेचा जो प्रदेश शिंद्यांचा असेल आणि ज्याचा वसूल त्यांचे अंमलदार घेत असतील किंवा जो फौजेच्या सरंजामाला, म्हणजे तिच्या खर्चासाठी, लावलेला असेल, तो अशा कोणत्याही कराराने दुसऱ्याला दिला जाणार नाही.

वादाचे बीज या अटीच्या रचनेतच होते. तिने सीमा नकाशावरील रेषेने सांगितली नव्हती. ‘राण्याच्या मुलखाच्या दक्षिणेस’ अशी, दुसऱ्याच्या मालकीवर विसंबून सांगितली होती, आणि ती दुसऱ्याची मालकीच वादग्रस्त होती. कंपनीचे म्हणणे असे की राणा हा करार झालेल्यांपैकी एक असून ग्वाल्हेर त्याच्या जुन्या हक्काच्या मुलखात मोडते. शिवाय शिंद्यांचे सुभेदार अंबाजी इंगळे यांनी डिसेंबर 1803 मध्येच किल्ला सोडण्याचा करार केला होता. शिंद्यांच्या वकिलांचे उत्तर असे की दोन दशके राण्याच्या हाती राज्यच नव्हते. ज्याचा वसूल आम्ही घेतला तो मुलूख आमचा, आणि तहाने नेमके तेच राखून ठेवले आहे.

1928 मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यातील पाल्मास बेटाच्या खटल्यात लवाद माक्स हूबर यांनी जो निकाल दिला, त्याचा गाभा असा की केवळ जुना हक्क सांगून भागत नाही. सत्ता प्रत्यक्ष, सतत आणि शांततेने चालवल्याचा पुरावा लागतो, आणि तो वाद ज्या क्षणी निश्चित झाला त्या ‘निर्णायक तारखे’पर्यंतचा असावा लागतो. या कसोटीला 30 डिसेंबर 1803 ही तारीख लावली तर शिंद्यांची बाजू बरीच भक्कम ठरते, असे माझे मत आहे. वसूल त्यांचा होता. अंबाजींच्या करारानंतरही किल्ल्याच्या शिबंदीने तो खाली केला नव्हता आणि कंपनीला तो फेब्रुवारी 1804 मध्ये वेढा घालून घ्यावा लागला. शिवाय गोहदचे राणे कीरतसिंह यांच्याशी कंपनीचा करार जानेवारी 1804 मधला, म्हणजे तहानंतरचा होता.

तहाची वाटाघाट स्वतः करणाऱ्या आर्थर वेलस्लींनाही आपल्या बाजूचा हा अर्थ पटला नव्हता. मार्च 1804 मध्ये त्यांनी कंपनीचे अधिकारी जॉन माल्कम यांना लिहिले की आपल्या वचनाची पत राखण्यासाठी मी ग्वाल्हेर दहा वेळा सोडून देईन. थोरल्या भावाने, गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लींनी, हे ऐकले नाही. उलट शिंद्यांच्या दरबारी असलेल्या माल्कम यांनी दौलतरावांच्या बाजूने मत दिल्याबद्दल त्यांच्यावर नाराजी ओढवली.

तोडगा निघाला तो लॉर्ड वेलस्ली परत गेल्यावर. 22 नोव्हेंबर 1805 च्या तहात कंपनीने लिहून घेतले की सुर्जी अंजनगावच्या तहाच्या आधारे दौलतरावांचा ग्वाल्हेरवर किंवा गोहदवर कोणताही हक्क आम्ही कधीच मान्य करणार नाही, तरीही मैत्रीखातर तो किल्ला आणि गोहदचा ठरावीक मुलूख त्यांना देत आहोत. हक्काचा प्रश्न आणि ताब्याचा प्रश्न असे वेगळे केल्यामुळे दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे न सोडता सही करता आली. आजही सीमावादांवरील करारांत ‘मूळ दाव्याला बाध न येता’ अशी जी तरतूद असते ती याच जातीची असते. यात नुकसान झाले ते कीरतसिंहांचे. गोहद गेले आणि त्याबदली त्यांना धौलपूर, बाडी आणि राजाखेडा मिळाले.

याच तहाने जुन्या कलमाचा दोषही दूर केला. कोटा ते गोहदची सरहद्द या टप्प्यात चंबळ नदी ही सीमा ठरली. उत्तरेस शिंद्यांचा दावा नाही, दक्षिणेस कंपनीचा नाही. सीमा म्हणून प्रत्येक नदी सारखी भरवशाची नसते. गाळाच्या सपाट मैदानातून वाहणारी नदी आपले पात्र बदलते. बिहारमधील कोसी गेल्या अडीचशे वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकली आहे. चंबळ मात्र आपल्या पात्रात खोल रुतलेली आहे आणि दोन्ही काठांवरच्या बीहडांमुळे, म्हणजे खोल घळींमुळे, तिला सहजासहजी वाट बदलता येत नाही. नदीत नेमकी रेषा कोठे धरावी याचाही युरोपात त्याच सुमारास विचार चालू होता आणि 1801 च्या ल्यूनेव्हिलच्या तहात ऱ्हाइन नदीच्या सर्वांत खोल प्रवाहाची रेषा सीमा म्हणून धरली गेली होती. मुरैना आणि धौलपूर यांच्यामधून वाहणारी चंबळ आज मध्य प्रदेश आणि राजस्थान यांची सीमा आहे.

किल्ला हाती आल्यावर 1810 मध्ये दौलतरावांनी त्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या छावणीचेच लष्कर शहर झाले. 1858 मध्ये इंग्रजांनी किल्ला पुन्हा ताब्यात घेतला. तो 1886 मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांना परत मिळाला तेव्हा कोणत्याही जुन्या तहाचा अर्थ लावला गेला नाही. सरळ अदलाबदल झाली आणि 1861 पासून शिंद्यांकडे असलेली झाशी ब्रिटिशांना देण्यात आली. झाशी आज ग्वाल्हेरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास असूनही उत्तर प्रदेशात आहे, त्याचे एक कारण ही अदलाबदल आहे.