किचन-कपाटांचं मटेरियल आणि फिनिश (बडोदा)

नवीन किचन किंवा वॉर्डरोब करायचं ठरलं की आतला सांगाडा कशाचा, दरवाजे म्हणजे शटर कशाचे आणि त्यावर थर कसला, ह्या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात, त्यालाच बोलताना मटेरियल ठरवणं म्हणतात. बडोद्यात बहुतेक घरी सुरुवात शेवटच्या गोष्टीपासून होते, सनमायकाचं जाडजूड कॅटलॉग मांडीवर घेऊन रंग बघण्यात तास जातो आणि सांगाडा काय घालायचा ते सुथारावर सोडतात. खरं तर उलट पाहिजे. इथे फर्निचर जातं ते पाण्याने नाहीतर वाळवीने (इथली मराठी माणसंही सर्रास उधई म्हणतात), आणि दोन्ही खालून येतात.

दांडिया बाजार, वाडी भागातल्या जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. भिंतीतलं सागाचं फडताळ, वर पोटमाळा, आणि ओटा कोट्याच्या नाहीतर कडप्प्याच्या उभ्या फरशांवर. अजूनही बरेच जण त्याच फरशांच्या मधे स्टीलच्या ट्रॉल्या बसवतात आणि पुढे फक्त शटर लावतात, दिसायला मॉड्युलर आणि सांगाडा दगडाचा, माझ्या मते ग्राउंड फ्लोअरला ह्याहून चांगलं काही नाही. कारण शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, ऑगस्ट २०२४च्या शेवटी नदी ३५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी २५ फूट), आणि पाणी ओसरल्यावर सोसायट्यांच्या बाहेर भिजलेल्या फर्निचरचे ढीग लागले.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड, सगळ्यात स्वस्त, आणि पाणी लागलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. एमडीएफ लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड, गुळगुळीत, पेंटला उत्तम, पण एकदा फुगला की वाळल्यावरही परत बसत नाही. पूर यायलाच पाहिजे असंही नाही. आमच्याकडे सिंकखालच्या कपाटात पाइपच्या जॉइंटमधून थेंब थेंब गळत होतं, महिनाभर कोणाला कळलं नाही, मग एक दिवस दरवाजा नीट लागेना, खाली वाकून बघितलं तर कोपऱ्यातली एज बँडची (बोर्डाची कापलेली कड झाकणारी) पट्टी उचकटलेली आणि आतला बोर्ड नखाने दाबला तर आत जात होता. सुथार म्हणाला होता वॉटरप्रूफ आहे. हा शब्द सगळे सगळ्यालाच लावतात, शिक्का बघायचा.

प्लायवर आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) लिहिलेलं असेल तर त्यात एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) असे दोन ग्रेड, एमआर फक्त दमटपणा सोसतो, कोरड्या खोलीतल्या वॉर्डरोबला ठीक, किचनला निदान बीडब्ल्यूआर. आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेड, ह्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, सिंकखाली हाच. लाल रंग बघून गर्जनचा (हे एक टणक लालसर लाकूड) प्लाय समजू नये, रंग चढवताही येतो. आठ बाय चारची शीट कापली की कडेला बघायचं, थर सलग पाहिजेत, मधे फटी दिसल्या तर स्क्रू तिथेच सैल होणार. सांगाड्याला १८ मिलिमीटर, मागच्या पॅनेलला ६ चालतो. एचडीएचएमआर हा एमडीएफचाच जास्त दाट भाऊ, ओल बरीच सोसतो, वजनाला भारी. पीव्हीसी फोम बोर्डला ना पाण्याची भीती ना उधईची, पण लांब फळी डब्यांच्या वजनाने मधे झुकते आणि गॅसजवळ तापून मऊ पडतो. काही असो, युनिट चार इंची पायांवर उचललेलं असावं, जमिनीला टेकलेलं नको.

आता फिनिश. १ मिलिमीटरचं लॅमिनेट म्हणजे आपलं सनमायका (हे खरं तर ब्रँडचं नाव), हेच सगळ्यात टिकाऊ, शटरच्या आतल्या बाजूला पातळ लॅमिनेट, त्याला लायनर म्हणतात. लायनर वाचवून एकाच बाजूला सनमायका लावला तर शटरला बाक येतो, हे सुथाराला माहीत असतं तरी विचारावं लागतं. अ‍ॅक्रिलिक आरशासारखं चकाकतं पण ओरखडा लगेच दिसतो आणि दिवसभर बोटांचे ठसे पुसत बसायचं. मेम्ब्रेन म्हणजे एमडीएफवर गरम करून चिकटवलेली पीव्हीसी फॉइल, ओव्हनच्या बाजूला ती काही वर्षांत कडेने सुटते. पीयू (पॉलीयुरेथेन) पेंट सुंदर, महाग, टवका उडाला तर साइटवर दुरुस्ती जिकिरीची. व्हिनिअर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ काप, त्याला पॉलिश लागतं, म्हणून तो हॉलमध्ये आणि बेडरूममध्येच बरा. पांढरं मॅट फिनिश फोटोत छान दिसतं, पण रोज फोडणी उडणाऱ्या घरात, त्यात रविवारी सेवउसळीची तर्री, हळदीचे डाग जाता जात नाहीत. (संखेड्याचं लाखकाम इथून जवळ, सागाच्या खरादलेल्या पायांवर लाख चढवतात, झोपाळ्याला शोभतं, सपाट शटरचं ते काम नाही.)

वॉर्डरोबचं गणित थोडं वेगळं. सात फुटी शटर प्लायचं केलं तर वाकायची शक्यता जास्त, म्हणून तिथे १९ मिलिमीटरचा ब्लॉकबोर्ड (मधे लाकडाच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना पातळ थर) घेतात. बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर मागे बोटभर जागा सोडायची, नाहीतर पावसाळ्यात मागचं पॅनेल ओल ओढतं आणि कपड्यांना कुबट वास येतो. भिंतीवर मातीची बारीक नळी चढताना दिसली तर उधई, फळीखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगा, औषध दोघांचं वेगळं. आणि नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडने, काही आठवडे दारं उघडी ठेवली की कमी होतं, तोवर साड्या जुन्या लोखंडी कपाटातच.