सड्यावरील वनस्पतिजीवन

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जांभ्या दगडाचे जे उघडे, सपाट कातळ आहेत त्यांना सडा म्हणतात. साताऱ्याजवळचे, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचे कास पठार त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत आले. काही ठिकाणी इथे बोटभरही माती नाही, तरी वनस्पतींचे वैविध्य थक्क करणारे आहे.

त्याचे मूळ मातीच्या गरिबीतच आहे. धो धो पावसाने जांभ्यातले चुना, पोटॅश आणि सिलिका धुऊन जातात, लोह व ॲल्युमिनियम उरतात. लोह फॉस्फरसला घट्ट धरून ठेवते. नत्र तर मुळातच तुटपुंजे. अशा जमिनीत झपाट्याने वाढून इतरांवर सावली धरणाऱ्या झाडाझुडपांना जोर धरता येत नाही. मोकळ्या राहिलेल्या जागेत अन्न मिळवण्याच्या वेगळ्या वाटा असलेल्या जाती टिकतात. कवला या वनस्पतीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरचे लाल केस चिकट थेंब धरून असतात. किडा अडकला की आजूबाजूचे केसही त्याच्याकडे वळतात. सीतेची आसवं ही वनस्पती फुलांनी निळाई पसरवते, पण तिचे खरे कसब पाण्याखाली आहे. तिथल्या इवल्या पिशव्या आतले पाणी बाहेर टाकून ताणलेल्या राहतात. तोंडाशी सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात घडते.

दुसरी चाळणी पाण्याची. चार महिने चिखल, उरलेले आठ महिने भाजणारा कातळ. गेंद ही वनस्पती पावसाळ्यातच बी धरून संपते. साताऱ्याच्या परिसरातला प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक भागातच आढळणारा, वायतुरा कंदाच्या रूपाने उन्हाळा काढतो. काही जाती मात्र अक्षरशः वाळून जातात आणि पहिल्या सरींनी पुन्हा हिरव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत.

म्हणून सड्यावर वीतभर खोलीच्या फरकानेही वनस्पती बदलतात: डबक्यात एक समूह, ओलसर काठावर दुसरा, उघड्या दगडावर तिसरा. या जमिनीला पडीक म्हणणे साफ चुकीचे आहे. कोकणात बागांसाठी सुरुंगाने कातळ फोडून बाहेरची माती भरली जाते, तेव्हा पाणी धरणारे उथळ खळगे मोडतात. मग भरल्या मातीत जोमाने वाढणारी गवते आणि तणे या लहानग्या वनस्पतींना झाकून टाकतात.