पार्श्वभूमी : डिझेलचा टायमिंग बेल्ट घरी बदलताना कॅमची पुली सैल का करायची

डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) जोरावर कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) फिरवणारा पट्टा, घरी बदलावा की नाही, हा वाद आपल्याकडे पाव शतकाहून फार जुना नाही. त्याआधी बहुतेक डिझेलांत बदलायला बेल्टच नव्हता. जुनी डिझेल अँबेसेडर घ्या, नाहीतर प्यूजो इंजिनाची जीप. कॅम खाली ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड, पुढे साखळी किंवा गिअर. ते सहसा इंजिन उघडायची वेळ येईपर्यंत चालायचे, आणि झिजले की आवाजाने सांगायचे. बेल्ट सांगत नाही.

दात असलेला रबरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशिनांसाठी निघाला. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारीत तो प्रथम आला १९६२ मध्ये, जर्मनीच्या ग्लास १००४ या छोट्या पेट्रोल गाडीत. डिझेलपुरते महत्त्वाचे वर्ष १९७६. त्या वर्षीच्या गोल्फ डिझेलमध्ये एकच बेल्ट कॅमही फिरवत होता आणि इंजेक्शन पंपही. म्हणजे वॉल्व कधी उघडणार आणि डिझेल कधी फवारले जाणार, या दोन्ही गोष्टी एका रबराच्या भरवशावर आल्या. शिवाय डिझेलचे कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे पिस्टन वर आल्यावर वॉल्वसाठी जागा उरते ती जेमतेम. बेल्ट तुटला किंवा बरेच दात चुकले की वॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावे लागते.

आपल्याकडे हे सामान्य घरांपर्यंत पोहोचले १९९८ च्या सुमारास, पिंपरीत बनणारी इंडिका आणि फ्रेंच इंजिनाची डिझेल झेन यांच्यामुळे. घरी काम करणाऱ्यांच्या दृष्टीने त्या काळातली फ्रेंच डिझेल इंजिने सर्वांत सोपी. कॅमच्या आणि पंपाच्या पुलीला भोके होती. त्यांतून ८ मिमीचे साधे बोल्ट आत घातले आणि फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरचे जड चाक) भोकात सळई सरकवली की कॅम, पंप आणि क्रँक तिन्ही जागच्या जागी कुलूपबंद. हत्यार हार्डवेअरच्या दुकानात मिळायचे, आणि खूण करायची गरजच नव्हती.

खरा तिढा सुरू झाला २००१ नंतर, औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाविया जुळू लागली तेव्हा. तिच्या १.९ टीडीआय इंजिनात कॅमची पुली चावीवर (खाचेत बसणाऱ्या पाचरीवर) बसत नाही, निमुळत्या टोकावर नुसत्या घट्ट पकडीने बसते. कारखान्याची पद्धत अशी: कॅमच्या मागच्या खाचेत पट्टी घालून कॅम अडवायचा, पंपाच्या पुलीत खीळ घालायची, कॅमचा बोल्ट अर्धा फेरा सैल करून पुली टोकावरून सोडवायची. ती मोकळी फिरू लागली की नवा बेल्ट चढवून ताणायचा आणि मगच बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळायचा. पुलर लागतो, वेळ जातो. म्हणून गल्लोगल्ली दुसरी पद्धत रुजली. जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करायच्या, दात मोजून त्या नव्या बेल्टवर उतरवायच्या, आणि पुलीला हात न लावता बेल्ट सरकवायचा.

या खुणांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की दात तेच, पुल्या त्याच, मग फरक कसा पडेल? दात बरोबर बसतात हे खरे. एक दात चुकला तर क्रँकवर साधारण १५ ते १८ अंशांचा फरक पडतो, आणि ती चूक खुणांमुळे टळते. पण दाताच्या आतला फरक खुणेत दिसत नाही. वापरलेला बेल्ट किंचित ताणलेला असतो, नवा नसतो. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) आवळताना सैल बाजूची ढील खेचली जाते. पुली मोकळी असेल तर ती तेवढी फिरून बेल्टशी जुळते, कॅम मात्र हलत नाही. पुली आवळलेली असेल तर तीच ओढ कॅमला आणि पंपाला अंशभर इकडेतिकडे नेते. ऑक्टावियासारख्या रोटरी पंपाच्या (वेगळ्या, फिरत्या इंजेक्शन पंपाच्या) इंजिनात हा अंशभर म्हणजे सकाळी स्टार्टिंगला त्रास, पांढरा धूर, नाहीतर आयडलला टकटक. गाडी चालते, म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि म्हणूनच ही पद्धत टिकली. ज्याच्याकडे स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र) आहे त्याने निदान नंतर इंजेक्शन टायमिंगचा आलेख पाहून पंपाच्या पुलीचे तीन बोल्ट सैल करावेत आणि पंप जागेवर आणावा. तेही न करता खुणांवर विसंबणे हे अर्धवट काम आहे.

२००५ च्या स्कोडा लॉरापासून तर या पद्धतीला आधारच उरला नाही. तिच्या पंप-ड्यूझ इंजिनात वेगळा इंजेक्शन पंप नाही. प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमच दाबतो, दोन हजार बारच्या आसपास. हा सगळा झटका बेल्टवर येतो. म्हणून बेल्टची रुंदी २५ वरून ३० मिमी झाली, आणि पुढे काही इंजिनांत क्रँकची पुली चक्क लंबगोल करण्यात आली. क्रँक अडवायचे हत्यार त्यामुळे दोन प्रकारचे आहे, गोल पुलीचे वेगळे आणि लंबगोलचे वेगळे. चुकीचे घेतले तर बसत नाही आणि ठोकून बसवू पाहणारे पुली खराब करतात. मागवण्याआधी खालचे कव्हर काढून पुली पाहून घ्यावी.

इथे कॅमच्या पुलीत तीन लांबट खाचा आहेत. कॅमच्या हबमध्ये ६ मिमीची खीळ बसते (त्याच मापाच्या ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू चालते). तीन बोल्ट सैल केले की पुली खाचांपुरती फिरते. बेल्ट कॅम, टेन्शनर, क्रँक आणि शेवटी वॉटर पंप या क्रमाने चढवावा. टेन्शनरची जीभ मागच्या कव्हरच्या खाचेत अडकली आहे याची आरसा धरून खात्री करावी. ती बाहेर राहिली तर ताण टिकत नाही. टेन्शनर घड्याळाच्या दिशेने फिरवून काटा खाचेच्या मध्यावर आणावा आणि नट २० न्यूटन-मीटर अधिक ४५ अंश आवळावा. मग पुली विरुद्ध बाजूने धरून कॅमचे तीन बोल्ट २५ न्यूटन-मीटरला. आवळताना जोर खिळीवर येऊ देऊ नये, खीळ वाकली की सगळी मेहनत वाया. दोन्ही हत्यारे काढून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा, म्हणजे कॅमचा एक पूर्ण फेरा होतो, आणि हत्यारे पुन्हा सहज आत जातात का ते पाहावे. फेऱ्यात कुठेही अडल्यासारखे वाटले तर जोर न लावता थांबावे. स्कॅनरवर ४ नंबरच्या गटात टॉर्शन व्हॅल्यू (कॅम आणि क्रँकच्या स्थितीतला फरक) येते. ती उणे ३ ते अधिक ३ यांच्यात हवी, शून्याजवळ उत्तम. खुणांवर बसवलेल्या गाड्यांचा खोटेपणा याच आकड्यात उघडा पडतो.

बाकीच्या बाबतीत फारसा मतभेद नाही. उजवे माउंटिंग काढावे लागते, त्यामुळे संपखाली (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन पेलायचे. माउंटिंगचे आणि क्रँकच्या पुढच्या पुलीचे ताण घेणारे बोल्ट नवेच. वॉटर पंप याच बेल्टवर चालतो, तेव्हा तो, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट वळवणारी मोकळी चाकी) एकत्र बदलावे. सुरुवातीच्या काही पंपांचे प्लास्टिकचे पाते तडकायचे. धातूच्या पात्याचा पंप घ्यावा. आणि बेल्ट बोटाने दाबून ‘चांगला आहे’ म्हणू नये. जुन्या क्लोरोप्रीन रबराच्या बेल्टला चिरा दिसायच्या, आताचा एचएनबीआर रबराचा बेल्ट वरून ठणठणीत दिसतो.

२०१० मधल्या चाकणच्या पोलो-व्हेंटोत कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्चदाब नळीतून डिझेल) होती आणि फवाऱ्याची वेळ पूर्णपणे संगणकाकडे गेली. तरी या इंजिनांत उच्चदाब पंपालाही खीळ घालायची सूचना आहे, कारण पंपाचा ठोका फवाऱ्याशी जुळलेला हवा. बेल्ट चुकला तर आता धुराऐवजी पी००१६ असा बिघाडाचा कोड (कॅम आणि क्रँक जुळत नाहीत) येतो. डस्टरचे १.५ आणि हॅरियरचे २.० लिटर इंजिनही बेल्टचेच, स्विफ्टचे १.३ साखळीचे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि यांतली बरीच डिझेल बंद झाली. रस्त्यावर उरलेल्या वॉरंटीबाहेरच्या गाड्यांमुळे घरी करणारे उलट वाढले.

एंडेव्हरच्या २.० लिटर इंजिनात बेल्ट इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. तेल चुकीचे वापरले किंवा बदलायला उशीर झाला की रबराचा चुरा सुटून ऑइल पंपाच्या गाळणीत बसतो. त्यामुळे तिथे बेल्ट बदलणे म्हणजे संप उतरवून गाळणी साफ करणेही आले.