रूसियों (वोक्लूझ, फ्रान्स)

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातील, वोक्लूझ जिल्ह्यातले एक लहान खेडे. लोकसंख्या सुमारे १,३००. आप्त आणि गोर्द या दोन गावांच्या मधे, ल्युबरों डोंगररांगेच्या उत्तरेकडील खोऱ्यात, लाल मातीच्या टेकडीवर ते वसले आहे. स्पेनच्या सीमेलगत पेर्पिन्यां शहराभोवती याच नावाचा एक मोठा प्रदेश आहे; त्याच्याशी या गावाचा काही संबंध नाही. आज रूसियोंची ओळख ‘प्रोव्हान्समधले निवांत गाव’ अशी करून दिली जाते. हा निवांतपणा पुरातन आहे असे मात्र समजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गेरूच्या खाणींचे आणि कारखान्यांचे गाव होते.

सुमारे दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वी हा भाग समुद्राखाली होता. तळाशी साचलेल्या हिरवट वाळूत लोहयुक्त खनिजे होती. समुद्र हटल्यावर उष्ण, दमट हवामानात पावसाच्या पाण्याने ही वाळू युगानुयुगे झिजवली. पांढरी चिकणमाती आणि लोहाची संयुगे मागे उरली व वाळूच्या कणांना चिकटून राहिली. लोहाचे खनिज ज्या रूपात असेल त्याप्रमाणे थराचा रंग पिवळा, नारिंगी किंवा गडद लाल होतो. आपल्याकडे कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरूही लोहाच्याच रंगाची माती. फरक इतकाच, की रूसियों परिसरात तिचे कडेच्या कडे उभे आहेत.

गेरू वापरणे येथे जुनेच होते, पण त्याचा धंदा उभा राहिला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. गावचाच रहिवासी झां-एतियेन आस्तिये याने वाळूतून गेरू वेगळा काढण्याची धुलाईची पद्धत बसवली. खाणीतल्या मालात निव्वळ गेरू फार तर पाचवा हिस्सा, बाकी सगळी वाळू. खणलेला माल पाण्याच्या जोरदार प्रवाहाबरोबर लांब पाटातून सोडत. जड वाळू पाटातच खाली बसे, हलका गेरू पाण्याबरोबर पुढे जाऊन हौदात पडे. हौदात तो हळूहळू तळाशी बसला की वरचे निवळलेले पाणी काढून टाकायचे आणि पुन्हा गढूळ पाणी सोडायचे. हिवाळाभर हेच चाले. वसंतात हौदातला गाळ मळलेल्या मातीइतका घट्ट झाला की त्यावर रेघा आखून विटा कापत आणि उन्हावाऱ्यात रचून वाळवत. लाल रंग हवा असेल तर पिवळा गेरू भट्टीत भाजत. भाजताना त्यातले पाणी जाते आणि रंग पालटतो. शेवटी दळून, पिंपांत भरून माल रवाना होई. मार्सेय बंदरातून तो जगभर जाई: भिंतींच्या रंगासाठी, तसेच रबर आणि लिनोलियम (जमिनीवर अंथरायचे आच्छादन) यांत भर म्हणून. १९२९ च्या सुमारास आप्तच्या खोऱ्यातून वर्षाला जवळपास ४०,००० टन गेरू निघत होता.

त्यानंतर धंदा झपाट्याने कोसळला. जागतिक मंदी, महायुद्ध आणि कारखान्यात बनणारे स्वस्त कृत्रिम रंग यांपुढे खाणी टिकल्या नाहीत. रूसियोंजवळचा मात्यू कारखाना १९२१ मध्ये सुरू झाला आणि १९६३ मध्ये बंद पडला. खाणकामगारांची वस्ती विरळ झाली, घरे ओस पडली. पर्यटकाला आज भावतो तो शांतपणा बऱ्याच अंशी या पडझडीतून आला आहे, आणि गावाविषयी लिहिताना हेच सहसा गाळले जाते. गावालगतचे ज्वाळांसारखे दिसणारे कडेही निव्वळ निसर्गाची करणी नव्हेत. त्यातले बरेचसे जुन्या उघड्या खाणींचे उरलेले काठ आहेत; पुढचे कोरीवकाम पावसाने आणि वाऱ्याने केले.

रूसियोंत दोन परके येऊन राहिले आणि त्यांच्यामुळे गावाचे नाव साहित्यात व समाजशास्त्रात पोहोचले. पहिला आयरिश लेखक सॅम्युएल बेकेट. पॅरिसमध्ये जर्मनांविरुद्ध काम करणाऱ्या ज्या गुप्त गटात तो होता, तो गट ऑगस्ट १९४२ मध्ये फितुरीने उघडा पडला. बेकेट आणि त्याची जोडीदार सुझान निसटले आणि त्याच शरद ऋतूत रूसियोंला पोहोचले. युद्ध संपत येईपर्यंत ते येथेच दडून होते. बेकेट दिवसा आसपासच्या शेतांवर मजुरी करी, बदल्यात धान्य-भाजी आणि वाइन मिळे. रात्री तो ‘वॉट’ ही कादंबरी लिही. १९५३ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाच्या फ्रेंच संहितेत एक पात्र दुसऱ्याला वोक्लूझमधल्या द्राक्षतोडणीची आठवण करून देते. तेथे रूसियोंचे नाव आहे, एका खऱ्या शेतकऱ्याचे नाव आहे आणि तिकडे सगळे लाल असते असा उल्लेखही आहे. इंग्रजी रूपांतर करताना बेकेटने युक्ती केली: पात्राला गावाचे आणि माणसाचे नाव आठवतच नाही असे दाखवले. नाटकातली वाट पाहणे रूसियोंतल्या कंटाळ्यातूनच आले असे काही अभ्यासक म्हणतात. तेवढे ताणायची गरज नाही. द्राक्षे आणि लाल माती पुरेशी आहेत.

दुसरा परका अमेरिकी प्राध्यापक लॉरेन्स वायली. १९५०-५१ मध्ये तो पत्नी आणि दोन मुलांसह वर्षभर येथे राहिला, आणि १९५७ मध्ये त्याने ‘व्हिलेज इन द वोक्लूझ’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तकात गावाला ‘पेरान’ असे टोपणनाव दिले आहे. शाळेची शिस्त, कॅफेतल्या गप्पा, धातूचे गोळे फेकण्याचा ‘बुल’ हा खेळ, शेजाऱ्यांमधले अबोले, सरकारवरचा अविश्वास, सारे त्याने बारकाईने टिपले. त्यातला एक तपशील विशेष बोलका आहे. जर्दाळूची बाग का लावत नाही असे विचारल्यावर एका शेतकऱ्याने उत्तर दिले, की रशियन आणि अमेरिकन लोकांना लढायला मैदान तयार करून देण्याइतका मी खुळा नाही. दहा वर्षांनी वायली परत आला तेव्हा बागा लावल्या गेल्या होत्या. गावाचा नूर पालटला होता. पडकी घरे पॅरिसचे आणि परदेशचे लोक सुट्टीसाठी विकत घेऊ लागले होते. ल्युबरोंच्या कितीतरी खेड्यांत हेच घडले. घरे वाचली, गल्ल्या सजल्या, पण वर्षातले अनेक महिने झडपा बंद असलेली घरेही वाढली.

गावात सांगितली जाणारी दंतकथा रक्तरंजित आहे. येथल्या सरदाराने पत्नी सेरमोंदचा प्रियकर, कवी गियोम, याला मारून त्याचे काळीज शिजवून तिला खाऊ घातले. कळल्यावर तिने कड्यावरून उडी घेतली आणि माती तिच्या रक्ताने लाल झाली. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती मुळात दुसऱ्या रूसियोंची. कवीचे गाव काबेस्तानी पेर्पिन्यांजवळ आहे. नावाच्या सारखेपणामुळे कथा इकडे आली आणि लाल मातीमुळे इथलीच होऊन बसली.

भेट देणाऱ्याने वेळ नीट निवडावी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गल्ल्या गर्दीने भरतात, आणि निवांत गावाच्या शोधात आलेले सगळे एकमेकांच्याच छायाचित्रांत येतात. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. मुक्काम केल्यास सकाळ आणि संध्याकाळ हाती लागते, कारण बहुतेक प्रवासी दिवसापुरते येऊन जातात. गाडी गावाबाहेरच्या सशुल्क वाहनतळावर लावून चढ पायी चढायचा. वर मनोऱ्याच्या वेशीतून आत गेले की सेंट मिशेलचे चर्च आहे, आणि त्यापलीकडे उत्तरेला व्हांतू पर्वतापर्यंत नजर जाते. घरांच्या गिलाव्यात स्थानिक गेरू असल्याने एकाच गल्लीत फिकट गुलाबीपासून विटकरीपर्यंत छटा दिसतात. गुरुवारी सकाळी बाजार भरतो. आप्तचा शनिवारचा बाजार त्याहून कितीतरी मोठा, आणि साखरेत मुरवलेल्या फळांसाठी आप्त प्रसिद्धच आहे. शाकाहारी माणसाची सोय प्रोव्हान्समध्ये तशी होते: वांगी, टोमॅटो, कुर्जेत (झुकिनी) यांची रातातुई, किंवा बेसिल या तुळशीच्या जातीतल्या पानांचे वाटण घातलेले घेवडा-भाज्यांचे ‘सूप ओ पिस्तू’. तरी मटणाचा रस्सा किंवा मासळी घातली आहे का, हे विचारून घ्यावे.

खेड्याचे शिष्टाचार साधे आहेत, पण पाळले नाहीत तर माणसे तुटकपणे वागतात. दुकानात शिरताच आधी ‘बोंझूर’, मग काय हवे ते. निघताना निरोप. दुपारी अनेक दुकाने दोन-अडीच तास बंद असतात. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी मिळण्याची आशा धरू नये.

गेरूच्या कड्यांतून जाणारी पायवाट हे मुख्य आकर्षण. तिकीट आहे, अर्ध्या तासाची आणि सुमारे तासाभराची अशा दोन फेऱ्या आहेत. पांढरे कपडे घालू नयेत, बुटांचा रंग घरापर्यंत सोबत येतो. माती उचलून नेण्यास मनाई आहे. जोराच्या पावसात वाट बंद ठेवतात आणि हिवाळ्यातही काही काळ ती बंद असते. उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की प्रशासन आसपासच्या जंगलवाटाही बंद करते.

मात्र ज्याला गाव समजून घ्यायचे आहे त्याने पायवाटेआधी आप्तच्या रस्त्यावरचा मात्यू कारखाना पाहावा. तेथे ‘ओक्रा’ ही सहकारी संस्था गेरूचे संग्रहालय आणि रंगकामाच्या कार्यशाळा चालवते. हौद, भट्टी, दळण सारे जागेवर आहे. शेजारच्या गार्गास गावी ब्रुओच्या भूमिगत खाणी आहेत. काही ठिकाणी सुमारे १५ मीटर उंच असलेल्या या कमानदार बोगद्यांत खाणकाम थांबल्यावर अळिंबीची शेती होत असे.

सार्वजनिक वाहने तुरळक आहेत. आव्हिन्योंपर्यंत वेगवान रेल्वे, तेथून आप्तपर्यंत बस आणि पुढे भाड्याची गाडी किंवा सायकल असा क्रम सोयीचा पडतो. आप्तची रेल्वे कधीच बंद झाली. तिच्या मार्गावर आता कालाव्हों खोऱ्याचा सायकलमार्ग आहे. रूसियोंच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर तो इसवी सनापूर्वी ३ च्या सुमारास बांधलेल्या पों ज्युलियां या रोमन पुलाजवळून जातो. या तीन कमानींच्या पुलावरून २००५ पर्यंत मोटारी धावत होत्या.