सेल्फ लागतो, इंजिन धरत नाही: चावीतली चिप आणि इमोबिलायझर

गाडी इमोबिलायझरवर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर) अडली की पहिला सल्ला ठरलेला असतो, "रिमोटचा सेल बदल." दुसरा पण ठरलेला, "बॅटरीचं टर्मिनल काढ, दहा मिनिटं थांब, परत लाव, सगळं रिसेट होतं." हे इतकं ठासून सांगितलं जातं की समोरचा निमूटपणे सेल आणायला निघतो. आता ज्या गाडीत चावी घालून फिरवायची असते तिथे रिमोटच्या सेलचा इंजिन सुरू होण्याशी काडीचा संबंध नसतो. सेल लागतो तो दरवाजे उघडायला. इंजिनाला परवानगी मिळवून देणारी चिप वेगळी, तिला सेलच नसतो, आणि तरीही ती गाडीशी बोलते. कशी बोलते ते एकदा कळलं की निम्मा फॉल्ट कुठलंही मशीन न लावता सापडतो, म्हणून हा लेख.

इमोबिलायझर म्हणजे अलार्म नव्हे, तो ओरडत नाही, फक्त नाही म्हणतो. चावी ओळखीची नसेल तर इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडत नाही, स्पार्क देत नाही, काही गाड्यांमध्ये स्टार्टरचा रिले पण रोखून धरतो. त्यामुळे लक्षणं साधारण अशी दिसतात की स्टार्टर मस्त फिरतोय पण इंजिन धरत नाही, किंवा धरतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. हे दुसरं लक्षण तर जवळजवळ सहीच, कारण काही ईसीयू आधी इंजिन सुरू करू देतात, तेवढ्यात चावीकडून उत्तराची वाट बघतात, आणि उत्तर आलं नाही की पेट्रोल तोडतात. याउलट चावी फिरवल्यावर नुसतं "टक" वाजत असेल किंवा सगळे दिवे मंद होत असतील तर आधी बॅटरी बघा, इमोबिलायझरला उगाच बदनाम करू नका.

ही कल्पना सुरुवातीला अगदीच साधी होती. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यावर एक छोटा रेझिस्टर बसवलेला असायचा, १५ ठरावीक किमतींपैकी एक, आणि गाडी तो मोजायची. म्हणजे मल्टीमीटर घेऊन कोणीही ओहम मोजून मोकळा. मग नव्वदच्या दशकात चिप आली आणि युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या आकडेवारीवर झालेल्या एका अभ्यासात या सक्तीमुळे गाडीचोरी सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं निघालं. आणि उलटा पुरावा अमेरिकेत मिळाला, तिथे ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच चावीवाल्या मॉडेलांत इमोबिलायझर नव्हताच, आणि २०२१-२२ मध्ये सोशल मीडियावर व्हिडिओ फिरले तसा त्या गाड्या पळवायचा सपाटाच लागला.

बरं, आता चिपकडे. जुन्या चावीचं प्लास्टिकचं शेल उघडलंत तर एका कोपऱ्यातल्या खाचेत काळा, जेमतेम १२ मिलीमीटर लांबीचा पाचरीसारखा तुकडा दिसेल, किंवा काचेची बारीक नळी. ना त्याला वायर, ना पिन, ना काही. आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची दांडी, तिच्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, आणि शेवटाला एक सिलिकॉनची चिप, बस. गाडीच्या बाजूला इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती तारेची एक रिंग असते, तिच्यातून सहसा सेकंदाला सव्वा लाख वेळा उलटसुलट होणारा करंट सोडला जातो, म्हणजे १२५ किलोहर्ट्झ. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं ठेवलं की त्यात व्होल्टेज तयार होतं, हे फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं आणि आपण सगळे शाळेत शिकलो. ट्रान्सफॉर्मर पण हाच, फक्त इथे दुसरं वेटोळं तुमच्या खिशात फिरतं.

याला बरेच जण रेडिओ लहरी म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. १२५ किलोहर्ट्झची तरंगलांबी २.४ किलोमीटर, आणि चावी असते दोन सेंटीमीटरवर, म्हणजे लहर सुटून निघून जायचा प्रश्नच नाही, हे नुसतं जवळचं चुंबकीय क्षेत्र आहे. ते अंतरासोबत भयानक वेगानं ओसरतं. रिंगची त्रिज्या दोन सेंटीमीटर धरली तर मधोमध जेवढं क्षेत्र आहे त्याच्या ३५ टक्के दोन सेंटीमीटरवर उरतं, चार सेंटीमीटरवर ९ टक्के, आणि दहा सेंटीमीटरवर एक टक्का पण नाही. म्हणून चिप रिंगच्या तोंडाशीच लागते.

एवढ्याशा क्षेत्रात चिप जागी होते ती रेझोनन्समुळे. वेटोळ्याला एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) जोडलेला असतो, वेटोळ्याचं इंडक्टन्स (एल) साधारण ७.२ मिलीहेन्री आणि कपॅसिटर (सी) २२५ पिकोफॅरडचा घेतला आणि एकाला २π√एलसी नं भागलं तर बरोबर १२५ किलोहर्ट्झ येतात, करून बघा. झोक्याला त्याच्याच तालात बारीक बारीक धक्के दिले की तो उंच जातो तसं या सर्किटमध्ये व्होल्टेज साठत जातं आणि चिपपुरती वीज मिळते. पण ताल चुकला की संपलं. शेजारी धातू आला तर त्यात एडी करंट (धातूतच गोल गोल फिरणारे करंट) फिरतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि वेटोळ्याचं इंडक्टन्स पण घटवतात. समजा १० टक्के घटलं, तर सर्किटचा ताल जातो १३२ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि रिंग तर अजून १२५ वरच धक्के देत बसलीये.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. चिपकडे स्वतःची वीज नाही, मग ती उत्तर पाठवते कशानं? तर पाठवतच नाही. ती आपल्या वेटोळ्यावर एक लोड (वीज खाणारा भार) जोडते, काढते, जोडते, काढते. लोड जोडला की ती जास्त ऊर्जा ओढते आणि त्याची झळ पलीकडे रिंगला बसते, रिंगवरचं व्होल्टेज किंचित हलतं. कित्येक व्होल्टच्या लाटेवर काही मिलिव्होल्टची थरथर, बस्स, तीच शून्य आणि एक म्हणून वाचायची. याला लोड मॉड्युलेशन म्हणतात. आणि गंमत बघा, जाताना क्षेत्राचा जोर अंतरामुळे जेवढ्या पटीनं कमी झाला, येताना परिणाम परत तेवढ्याच पटीनं कमी होतो, म्हणजे चार सेंटीमीटरवर ०.०९ चा वर्ग, मधोमध मिळणाऱ्या सिग्नलच्या एक टक्क्याहूनही कमी. काही चिपा वेगळं करतात, ५० मिलिसेकंद कपॅसिटर भरून घेतात, रिंग गप्प झाली की मग त्या साठवलेल्या विजेवर १३४.२ आणि १२३.२ किलोहर्ट्झ अशा दोन सुरांत उत्तर देतात. इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर आकडे सोडून द्या, एवढंच धरा की संभाषण फार नाजूक आहे आणि फार जवळून होतं.

यातूनच तपासणीचा क्रम निघतो. पहिलं काम, किचेन काढा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती पण त्याच तालावर जागी होते, ऊर्जा खाते आणि मध्येच बोलते, गाडीला दोघींचं मिळून काहीच कळत नाही. किचेनची जाडजूड धातूची कडी, धातूचं कव्हर, हे पण बाजूला ठेवा. मग एकटी चावी घालून ऑन करा आणि डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा बघा. बहुतेक गाड्यांत तो दोन-तीन सेकंद लागून विझला तर ओळख पटली, तसाच राहिला किंवा भराभर लुकलुकला तर नाही पटली. (गाडी बंद असताना तो सावकाश लुकलुकतो ते नॉर्मल आहे, त्यावरून घाबरू नका.) दिवा विझला आणि तरीही इंजिन धरत नसेल तर इमोबिलायझर सोडा, फ्युएल पंपाकडे वळा.

मग दुसरी चावी. हीच खरी टेस्ट आहे आणि लोक हीच विसरतात. दुसरीनं गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीच्या चिपमध्ये, नाही झाली तर दोन्ही चिपा एकदम मरण्यापेक्षा लॉकभोवतीची रिंग, तिचा कनेक्टर, फ्यूज किंवा सप्लाय यातलं काहीतरी गेलेलं असण्याची शक्यता जास्त. चिप मरते कशी? चावी फरशीवर आपटून फेराइटची दांडी तडकते किंवा ती केसासारखी तार तुटते. पण त्याहून नेहमीचा प्रकार म्हणजे शेल तुटलं म्हणून नवीन शेल आणलं, पातं बदललं, रिमोटचं सर्किट बदललं, आणि तो काळा तुकडा जुन्या शेलमध्येच राहून कचऱ्यात गेला. दरवाजे झकास उघडतात, गाडी सुरू होत नाही, आणि माणूस रिमोटला शिव्या घालतो. मोबाइलच्या चुंबकानं चिपमधला कोड पुसला जातो हे पण ऐकू येतं, तसं काही होत नाही, ती कॅसेटची टेप नाही.

टर्मिनल काढण्याचं काय? चावीचे कोड ईसीयू आणि इमोबिलायझरच्या ईईप्रॉम नावाच्या मेमरीत असतात, वीज गेली तरी ते जात नाहीत, आणि जाऊन चालणारच नाही, नाहीतर चोरानं पण तेच केलं असतं ना. तरीही कधीकधी या उपायानं गाडी सुरू होते. कारण टर्मिनलवर पांढरा गंज चढलेला असतो, काढून घट्ट लावताना तो खरवडला जातो, स्टार्टर फिरताना व्होल्टेज नऊ-दहाच्या खाली कोसळत होतं आणि इमोबिलायझरचं मॉड्यूल (त्याचा इलेक्ट्रॉनिक डबा) मध्येच झोपत होतं ते थांबतं. किंवा अडकलेलं मॉड्यूल नुसतं रीस्टार्ट होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि पुढची दहा वर्षं लोक एकमेकांना "दहा मिनिटं" सांगत राहतात, पाच का नाहीत हे कोणी विचारत नाही.

बटणवाल्या गाडीत मात्र सेलचा संबंध आहे. तिथे गाडी १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते आणि फॉब (खिशातली रिमोट चावी) आपल्या सेलवर ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, म्हणून तो खिशात असला तरी चालतो. सेल संपला तर आतली तीच बिनसेलची सोय कामाला येते, फॉब स्टार्ट बटणाला टेकवायचा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवायचा आणि ब्रेक दाबून बटण दाबायचं.

आता नेटवर "कुठलाही इमोबिलायझर बायपास" म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल. नुसता नंबर सांगणाऱ्या चिपा लवकरच मागे पडल्या, त्यानंतरच्या चिपा गुप्त किल्लीनं गणित सोडवतात, गाडी दरवेळी नवा आकडा देते आणि चिप त्याचं उत्तर. सगळ्याच अभेद्य आहेत असं नाही. ४० बिटांची गुप्त किल्ली वापरणारी डीएसटी ही चिपची पद्धत २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी फोडली. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता, ऐकायला प्रचंड, समांतर चालणाऱ्या हार्डवेअरला किरकोळ. ४८ बिटांची हिटॅग-२ ही दुसरी चिप पण २०१२ मध्ये काही मिनिटांत उलगडली. पण हे संशोधकांचं काम एका ठरावीक चिपवर, सगळ्या गाड्यांना चालणारी डबी असं काही नसतं, आणि ती लावून घेतली तर आपल्याच गाडीचं संरक्षण आपण काढून टाकलेलं असतं.

इतकं करून दिवा लुकलुकतच राहिला तर स्कॅनर लावा. पी०५१३ हा फॉल्ट कोड आला तर चावी ओळखली जात नाहीये, यू०१६७ आला तर इमोबिलायझर मॉड्यूलशी संपर्कच तुटलाय, म्हणजे वायरिंग आणि फ्यूज आधी. दुसऱ्या गाडीचा जुना ईसीयू आणून बसवण्याच्या फंदात पडू नका, तो त्या गाडीच्या इमोबिलायझरशी जोडलेला असतो आणि तुमच्या चावीला ओळखणार नाही. आणि चावी एकच उरली असेल तर ती चालू आहे तोवरच दुसरी बनवून घ्या, कारण काही मॉडेलमध्ये दोन चालू चाव्या हातात असतील तर तिसरी मालक स्वतः जोडू शकतो, एकच असेल तर डायग्नॉस्टिक मशीन लागतं, आणि एकही नसेल तर कागदपत्रं घेऊन डीलरकडे जावं लागतं.