नगर परिषदेची कार्बन घट: तपासणी पंपगृहापासून

कोकणातल्या नगर परिषदेचा कार्बन आराखडा, म्हणजे कार्बन उत्सर्जन कमी करण्याची योजना, तपासायचा, तर पहिला कागद मागावा तो पंपगृहाच्या वीजबिलाचा. वृक्षलागवडीचे फोटो नंतर बघता येतात. नदी खाली आणि वस्ती उतारावर किंवा सड्यावर (कातळाच्या पठारावर), अशी इथली कितीतरी गावं. त्यामुळे पाणी वर चढवण्यातच परिषदेची बरीच वीज जाते.

एक हजार लिटर पाणी 100 मीटर चढवायला कमीत कमी 0.27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 0.45 युनिट. महिन्याच्या युनिटना प्रवाहमापकावरच्या पाण्याने भागावं आणि नळाचं घर्षण धरून येणाऱ्या उंचीशी ताडून पाहावं. हजार लिटरला 100 मीटरमागे 0.7 युनिटच्या आसपास आकडा आला, तर पावसाळ्यातल्या गाळाने इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) झिजला असेल, व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून प्रवाह आवरला असेल, नाहीतर जुन्या नळात थर साचला असेल. प्रवाहमापक बंद असला की लॉगबुकात 'पंपाचे तास गुणिले पाटीवरची क्षमता' असा हिशेब लिहिलेला आढळतो. तो मान्य करू नये, कारण झिजलेला पंप पाटीवर लिहिलेलं पाणी देतच नाही.

यातून किती वाचू शकतं ते पाहा. रोज 50 लाख लिटर पाणी 80 मीटर चढवणाऱ्या योजनेची कार्यक्षमता 45 वरून 60 टक्क्यांवर आणली, तर दिवसाला सुमारे 600 युनिट वाचतात. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला दीडशे टनांची घट, तीही मीटरवर दिसणारी.

मात्र ही घट कोणत्या वर्षाशी तुलना करून सांगितली आहे, हे आधी विचारायला हवं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. टाळेबंदीमुळे पर्यटकही नव्हते. त्या वर्षीचा कमी वीजवापर ही आराखड्याची कमाई नव्हे. आणि तेच पायाभूत वर्ष धरलं, तर पुढे प्रामाणिकपणे काम करणारी परिषदही नापास दिसेल. वादळात मीटर बिघडला असेल तर काही महिने सरासरीने बिल येतं आणि फरक नंतर एकदम चढतो. म्हणून बिलावरची रक्कम सोडून रीडिंग बघावं.

कचऱ्यात पाऊस असाच घोळ घालतो. ओला कचरा भिजून वजनकाट्यावर जड भरतो. ऑगस्टची वजनं आधीची आणि जानेवारीची नंतरची म्हणून मांडली, तर काहीच न करता कचरा 'कमी' होतो. गणपतीत चाकरमानी आणि मे महिन्यात पर्यटक आले की तो पुन्हा वाढतो, म्हणून तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करावी. खतप्रकल्पाचा दावा पडताळणं सोपं आहे: 100 किलो ओल्या कचऱ्यातून साधारण 15 ते 25 किलो खत निघतं. नोंदवहीत खत त्याहून फारच कमी असेल, तर बाकीचा कचरा डेपोवर पडून मिथेन सोडत असण्याची शक्यता मोठी. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापवतो, त्यामुळे या एका नोंदवहीवर दिलेला वेळ सत्कारणी लागतो.

झाडांची मोजणी जुलैत नको, मे अखेर करावी. कातळावरच्या वीतभर मातीत लावलेल्या रोपांचा निकाल पहिल्या उन्हाळ्यातच लागतो.

आता कारभार. आराखड्यातल्या प्रत्येक कामाला सभेचा ठराव, अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष (खर्चाचं ठरलेलं खातं) आणि जबाबदार पद असं तिन्ही हवं. 'सर्व विभाग' अशी जबाबदारी लिहिली असेल, तर ती कुणाचीच नसते. अंदाजपत्रकात तरतुदीपेक्षा मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना महत्त्वाचा. तिथे सलग दोन वर्षं शून्य असेल, तर ते काम फक्त कागदावर आहे. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानासाठी भरलेली माहिती जरूर पाहावी, पण उपक्रमांना मिळालेले गुण आणि कमी झालेले टन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पथदिव्यांच्या करारात देखभालीची मुदत पाहावी. खाऱ्या हवेत दिव्यांची आवरणं आणि जोडण्या लवकर गंजतात, आणि मुदत संपल्यावर बंद दिव्यांमुळे घटलेली वीजही 'बचत' म्हणून दाखवली जाऊ शकते.

हे कागद मिळवायला लेखापरीक्षक असण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून कुणीही नागरिक ते मागू शकतो. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात 'कार्बन आराखड्याची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नये. पंपगृहांची आणि पथदिव्यांची ग्राहक क्रमांकनिहाय वीजबिलं, पंपांचं लॉगबुक, कचऱ्याच्या वजनाच्या पावत्या आणि आढावा सभांची इतिवृत्तं अशी नावं घालून मागावं, आणि माहितीचा कालावधी 12 ऐवजी 36 महिन्यांचा ठेवावा, म्हणजे एखादं वादळ किंवा एखादा हंगाम हिशेब बिघडवणार नाही.