बरणीच्या झाकणाखाली काय चालतं

परसबाग महिनाभर काहीच देत नाही आणि मग एका आठवड्यात सगळं देऊन मोकळी होते. रोज टोपलीभर टोमॅटो, दोन दिवस नजर चुकली म्हणून हातभर वाढलेल्या काकड्या, निबर व्हायच्या आत तोडायलाच हव्यात अशा शेंगा. शेजारीपाजारी वाटून झालं तरी ओट्यावर ढीग उरतोच. मग माळ्यावरच्या बरण्या खाली येतात.

बरणी भरण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. तोडलेली भाजी मेलेली नसते. तिचा श्वास चालू असतो आणि त्यासाठी ती स्वतःजवळची साखर जाळत असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. मटार आणि मक्याच्या दाण्यात तर साखरेचा स्टार्च व्हायला तोडल्या क्षणापासून सुरुवात होते. वेलीवरून थेट तोंडात गेलेला मटार गोड लागतो आणि दुसऱ्या दिवशीचा पिठूळ, त्याचं कारण हेच. असा माल लगेच गार करावा. टोमॅटोचं मात्र उलटं आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पिकलेले टोमॅटो आठवडाभर 5 अंश सेल्सिअसला ठेवून पाहिले. साखर आणि आंबटपणा जवळपास होता तेवढाच राहिला, पण वासाची द्रव्यं तयार करणाऱ्या काही जनुकांचं काम मंदावलं आणि फळं बाहेर काढल्यावरही ते नीट सावरलं नाही. फ्रिजमधल्या टोमॅटोला चव नसते, ही तक्रार खरीच आहे.

भाजी नासवणारे दोन. एक तिची स्वतःची विकरं, म्हणजे एन्झाइम्स. दुसरे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. या दुसऱ्यांना पाणी लागतं, आणि तेही मोकळं. मीठ किंवा साखर पाण्याला धरून ठेवते. मग भांड्यात पाणी दिसत असलं तरी सूक्ष्मजीवांच्या वाट्याला ते येत नाही. हा मोकळेपणा 0 ते 1 असा मोजतात. ताज्या भाजीत तो जवळजवळ 1 असतो. 0.91च्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते आणि 0.6च्या खाली कोणाचीच होत नाही. वाळवणं, खारवणं आणि पाकात घालणं ही तीन कामं वरून निराळी दिसली, तरी रोख एकाच आकड्यावर असतो.

आंबवण्याची गंमत याहून वेगळी आहे, कारण तिथे आपण सूक्ष्मजीवांना आमंत्रण देतो. कोबी बारीक चिरायचा, वजन करायचं आणि किलोमागे 20 ते 25 ग्रॅम मीठ चोळायचं. मीठ नेहमी तोलून घ्यावं. चमच्यावर माझा विश्वास नाही, कारण बारीक आणि जाड मिठाच्या एकाच चमच्यात बराच फरक पडतो. थोड्या वेळात पेशींमधलं पाणी सुटतं आणि कोबी आपल्याच रसात बुडतो. वरून वजन ठेवून तो बुडालेलाच राहील असं पाहायचं. आता मिठामुळे बऱ्याच जिवाणूंची पंचाईत होते, हवेवाचून इतरांची होते आणि पानांवर आधीपासून असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मागे उरतात. त्यांच्यातही पाळ्या लागलेल्या असतात. आधी ल्युकोनोस्टॉक कुळातले येतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पहिले काही दिवस बरणी फसफसते आणि उरलासुरला ऑक्सिजन बाहेर ढकलला जातो. मग आंबटपणा त्यांनाच सोसवेनासा होतो आणि लॅक्टोबॅसिलस गटातले अधिक काटक जिवाणू काम हाती घेतात. स्वतःच्याच कमाईमुळे घर सोडावं लागणारे भाडेकरू मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत. 20 अंशांच्या आसपास तीन-चार आठवड्यांत काम होतं. वर पांढरी, पातळ साय धरली तर ती बहुधा यीस्टची असते, काढून टाकली की भागतं. रंगीत किंवा केसाळ बुरशी आली तर मात्र मोह न धरता सगळं फेकावं.

काकडीची माझी पहिली बरणी अशीच निगुतीने भरली होती. मीठ तोललेलं, वजन ठेवलेलं, आंबटपणाही छान उतरला होता, पण काकडी बोटाने दाबली तर आत जायची. चूक फार पुढे समजली. काकडीच्या फुलाकडच्या टोकाशी पेक्टिन तोडणारी विकरं असतात, आणि पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळेच. ते टोक दीड-दोन मिलिमीटर कापून टाकलं की फरक कळतो. देठाकडचं नव्हे, फुलाकडचं.

आता आंबवायचं नसेल आणि भाजी बाटलीत घालून, उकळून, हवाबंद करायची असेल, तर जपून. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या आचाऱ्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट लावून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत बसवली आणि 1810 साली सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळवलं. असं अन्न का टिकतं हे त्याला सांगता येत नव्हतं. सूक्ष्मजीवांचा खुलासा लुई पाश्चरच्या कामातून आला, तोही जवळपास अर्ध्या शतकाने.

दुसरं एक कोडं मात्र त्यानंतरही उरलं होतं. 1895च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एल्झेल गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि त्यातले तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने त्या मांसातून एक जिवाणू वेगळा काढला. आज आपण त्याला क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतो. त्याचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवतं. हातपाय लुळे पडतात आणि श्वासाचे स्नायूही थांबू शकतात.

हा जिवाणू मातीत राहतो, म्हणजे आपल्याच वाफ्यातही असणार. प्रतिकूल काळात तो बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं झोपी गेलेलं रूप, होऊन बसतो. एरवी निरोगी मोठ्या माणसाच्या पोटात ते गेले तरी बहुधा काही होत नाही. त्यांना जागं व्हायला हवाबंद, ओलसर, फारशी आंबट नसलेली आणि उबदार जागा लागते. साध्या पाण्यात शेंगा उकळून बंद केलेली बाटली म्हणजे हुबेहूब तीच जागा. बीजाणू 100 अंशांचं उकळणं तासन् तास सोसतात. आपण उकळून त्यांचे प्रतिस्पर्धी तेवढे मारतो, हवा हाकलून देतो आणि वर झाकण लावून देतो. विष तयार झालं तरी वास किंवा रंग बदलेलच असंही नाही, त्यामुळे ‘वास घेऊन बघू’ हा उपाय इथे कुचकामी.

बचावाची रेषा पीएच 4.6 ही आहे. पीएचचा आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. 4.6 किंवा त्याखाली हे बीजाणू उगवून विष करू शकत नाहीत. बहुतेक फळं या रेषेच्या खाली येतात. शेंगा, मका, गाजर, मटार वर. टोमॅटो मात्र कुंपणावर बसलेला: जातीनुसार आणि पिकण्यानुसार तो इकडे असेल किंवा तिकडे. म्हणून बाटलीबंद टोमॅटोत दर अर्ध्या लिटरमागे मोठा चमचाभर बाटलीतला लिंबाचा रस किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक आम्ल घालतात. बागेत लिंबं लगडलेली असताना बाटलीतला रस विकत घ्यायला जिवावर येतं, पण ताज्या लिंबांचा आंबटपणा कमी-जास्त होतो आणि बाटलीतला ठरावीक असतो.

कमी आंबट भाज्यांमधले हे बीजाणू मारायला 121 अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि ते वाफ दाबाखाली कोंडल्याशिवाय मिळत नाही. मग रोजचा प्रेशर कुकर का नको? तो लहान असतो, भरभर तापतो आणि भरभर निवतो. बाटलीबंद करण्याच्या तपासलेल्या वेळा मोठ्या, खास त्या कामासाठीच्या भांड्यांवर ठरवलेल्या आहेत. त्यात तापायला आणि निवायला लागणारा वेळही धरलेला असतो. तसं भांडं नसेल तर शेंगा गोठवाव्यात, वाळवाव्यात किंवा व्हिनेगरमध्ये घालाव्यात. मी यातलं पहिलं करतो.

तेलात बुडवलेला लसूणही याच यादीत येतो. तेल हवा अडवतं, लसूण मातीतून आलेला आणि आंबट नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहातल्या अशाच तेल-लसणाने 36 जणांना बाधा झाली. घरी करायचंच असेल तर थोडं करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं.

जॅममध्ये ही धास्ती नसते, तिथला प्रश्न घट्टपणाचा. पेक्टिनच्या लांब साखळ्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात. आम्ल तो भार कमी करतं, साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, आणि मग साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं विणतात. पूर्ण पिकलेल्या फळांत पेक्टिन आणि आम्ल दोन्ही उतरलेलं असतं, म्हणून थोडी कमी पिकलेली फळं मुद्दाम मिसळावीत. विरघळलेल्या घटकांचं प्रमाण शेकडा 65च्या आसपास गेलं की जॅम समुद्रसपाटीला 104 ते 105 अंशांवर उकळतो. तिथे विस्तव बंद.

वाळवताना घाई नडते. फार तापवलं तर बाहेरचा थर कडक होतो आणि ओल आत कोंडते. साधारण 60 अंश पुरेत. गोठवण्याआधी शेंगा तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढाव्यात, नाहीतर थंडीतही विकरं रेंगाळत काम करत राहतात आणि काही महिन्यांत शेंगांना वाळक्या गवताचा वास येतो.

आणि व्हिनेगरमध्ये घातलेला लसूण चार दिवसांत निळा-हिरवा झाला तर बरणी फेकू नका. लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं आंबट द्रवात एकमेकांशी संयोग पावून तो रंग तयार करतात. खायला तो निर्धोक असतो. घरच्यांना हे पटवायला मला दोन पाकळ्या त्यांच्यासमोर खाव्या लागल्या होत्या.